पाटलाची पोथी कोण लिहिणार?

लळिंगच्या लांडोर बंगल्यावर 31 जुलैला धुळ्या-जळगावची पोरं जमतात. 1937 साली बाबासाहेब तिथं मुक्कामी होते. मागं तिथंच एकानं विचारलं, "भाऊ, आपल्या कवितेत आग आहे, पण हसू का नाही?" मी गप्प बसलो. घरी येऊन मुकुंदराव पाटील काढले.

मुकुंदराव (1885-1967) म्हणजे 'दीनबंधु' काढणाऱ्या कृष्णराव भालेकरांचा मुलगा. नगर जिल्ह्यातल्या तरवडीसारख्या खेड्यातून ह्या सत्यशोधकानं 'दीनमित्र' चालवलं. 1910 ला सुरू केलं ते मरेपर्यंत.

'कुलकर्णी लीलामृत' हे नावच बघा. गावोगाव 'शिवलीलामृत' वाचलं जायचं, चाल लोकांच्या कानात बसलेली. मुकुंदरावांनी तोच साचा उचलला आणि देवाच्या जागी कुलकर्णी बसवला. दप्तर त्याचं, लेखणी त्याची, अंगठा शेतकऱ्याचा. हे व्याख्यानानं कळलं नसतं, पोथीच्या चालीत कळलं. रशियात वसिली कुरोच्किननं 1859 साली 'इस्क्रा' हे विनोदी साप्ताहिक काढलं, बेरांजेची फ्रेंच गाणी रशियनमध्ये आणली. त्यानं चाल परमुलखातून आणली, मुकुंदरावांनी भटाच्या चौरंगावरून. मला हे जास्त धाडसाचं वाटतं.

इथवर सलाम. आता भांडण.

त्यांच्या पुस्तकांची नावं मांडा: 'कुलकर्णी लीलामृत', 'शेटजीप्रताप', 'देशभक्त लीलासार'. कुलकर्णी, सावकार, पुढारी, सगळ्यांची हजेरी घेतली. नावात पाटील कुठंच नाही. महारवाड्याला कुलकर्णी नडला, तसा पाटीलही नडला. चावडीवर महाराला उभं कोण करायचं? मी मुकुंदरावांना ढोंगी म्हणत नाही. पण आपल्या ओसरीवर बसून गाव बघितला की सगळी घरं दिसतात, आपलीच ओसरी दिसत नाही.

बाबासाहेबांनी हे ओळखलं होतं. 31 जानेवारी 1920 च्या 'मूकनायक'च्या पहिल्या अग्रलेखात 'दीनमित्र'चं नाव आहे. अशा पत्रांतून बहिष्कृतांचे प्रश्न येतात हे त्यांनी मान्य केलं. पण तिथं पुरेशी जागा मिळणार नाही हेही सांगितलं, आणि आपलं पत्र काढलं. मोठेपण द्यायचं, आणि कागद आपला आपण काढायचा.

दोस्ता, तुला उत्तर उशिरा देतोय. कुलकर्णी वतन गेलं, महार वतन गेलं. पाटील चावडीवरून उठला आणि साखर कारखान्यात, बँकेत, शिक्षणसंस्थेत जाऊन बसला. त्याची पोथी मी अजून वाचलेली नाही. चाल मुकुंदराव ठेवून गेलेत. लिही!