८४ टक्के, पण कोणाच्या तुलनेत?

'संकटात दिव्यांगांना सर्वाधिक फटका बसतो.' हे वाक्य संशोधन प्रस्तावाच्या पहिल्या पानावर हमखास सापडतं. माझ्याही होतं. मार्गदर्शकांनी समासात एकच शब्द लिहून पान परत केलं : 'कशावरून?' वाक्य खोटं आहे असं त्यांना म्हणायचं नव्हतं. पण मी दिलेल्या आकड्यांवरून ते सिद्ध होत नव्हतं. तेच आकडे आज तपासूया, कारण तुम्हीही ते वापरणार आहात.

संयुक्त राष्ट्रांच्या आपत्ती जोखीम विभागाने २०१३ साली जगभरातल्या दिव्यांगांचं सर्वेक्षण केलं. पाच हजारांहून जास्त उत्तरं आली. आपत्तीसाठी स्वतःची तयारीची योजना नाही, असं ७१ टक्के लोकांनी सांगितलं. अडचण न येता लगेच बाहेर पडता येईल, असं म्हणणारे जेमतेम २० टक्के. २०२३ मध्ये पुन्हा सर्वेक्षण झालं, तेव्हा योजना नसणारे ८४ टक्के निघाले.

पहिली अडचण साधी आहे. दिव्यांग नसलेल्या किती जणांकडे अशी योजना आहे? या आकड्यात त्याचं उत्तर नाही. पेण आणि नागोठण्याच्या मधे आमचं कासू. अंबेचं पाणी नागोठण्यात शिरतं हे इथे सगळ्यांना माहीत आहे, तरी लेखी योजना कोणाच्या घरात असेल असं मला वाटत नाही. धडधाकट माणसांतही हे प्रमाण तेवढंच असेल, तर ८४ टक्क्यांतून दिसते ती सगळ्यांचीच बेफिकिरी, विषमता नव्हे. विषमता म्हणायची तर दोन गट लागतात. मी एकाच गटावरून बोलत होतो.

दुसरी अडचण, ७१ वरून ८४ म्हणजे परिस्थिती बिघडली का? तसं म्हणता येत नाही. दोन्ही वेळी उत्तरं देणारी माणसं वेगळी, देशांचं प्रमाण वेगळं. शिवाय ही उत्तरं बऱ्याच अंशी ऑनलाइन आणि संघटनांच्या ओळखीतून येतात. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं, तेव्हा रायगडच्या किनाऱ्यावर कितीतरी दिवस वीज नव्हती, फोन लागत नव्हते. ज्याच्यावर संकट सर्वांत जास्त कोसळतं तोच अशा नमुन्यातून गळतो. गरीब देशांत ही गळती मोठी, आणि आपण जागतिक सरासरी उसनी घेतो ती नेमकी त्यांच्याचसाठी.

मग नीट केलेली तुलना कशी असते? जपानमध्ये ११ मार्च २०११ च्या त्सुनामीनंतर किनारपट्टीवरच्या नगरपालिकांत अपंगत्वाचं प्रमाणपत्र असलेल्यांचा मृत्युदर एकूण लोकसंख्येच्या सुमारे दुप्पट निघाला. हे सांगता आलं, कारण अंशही होता आणि छेदही. अर्थात, प्रमाणपत्रधारकांत म्हातारी माणसं जास्त असतात, म्हणून वय जुळवून पाहिल्याशिवाय 'दुप्पट' हा आकडाही जसाच्या तसा घेऊ नये.

आपल्याकडे छेदाची तरतूद कायद्यात आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६, कलम ८ : जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाने जिल्ह्यातल्या दिव्यांगांची नोंद ठेवायची आणि धोक्याची सूचना त्यांच्यापर्यंत पोहोचेल अशी व्यवस्था करायची. पण आपत्तीनंतर आपल्यापुढे येतात ते मृत, जखमी आणि बेपत्ता असे आकडे. १९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यात इर्शाळवाडीवर दरड कोसळली. शोध थांबला तेव्हा २७ मृतदेह मिळाले होते, ५७ जण बेपत्ता होते. यांत चालू न शकणारे किती होते, ऐकू न येणारे किती, हे या दोन आकड्यांतून कळत नाही.

इथे आणखी एक गोष्ट लक्षात घ्या. झोपेत दरड आली तर पळू शकणाऱ्यालाही वेळ मिळत नाही. तिथे दोन गटांतला फरक कदाचित कमीच निघेल. निसर्ग वादळाची सूचना मात्र आधी मिळाली होती. अशा वेळी ती कोणाला ऐकू आली, निवाऱ्यापर्यंत कोण चालत गेलं, तिथलं शौचालय कोणाला वापरता आलं, यावर सगळं ठरतं. म्हणजे जिथे वाचायला वेळ असतो तिथेच विषमतेला वाव मिळतो. माझं पहिलं वाक्य या दोन्ही आपत्ती एकाच पोत्यात भरत होतं.

शेवटचा प्रश्न : दिव्यांग कोणाला म्हणायचं? २०११ च्या जनगणनेत व्यक्ती शारीरिक किंवा मानसिकदृष्ट्या अपंग आहे का, असं थेट विचारलं होतं. भारतात २.२१ टक्के आले. जागतिक आरोग्य संघटनेचा जगाचा अंदाज १६ टक्के. एवढी तफावत केवळ माणसांतली नाही, प्रश्नातलीही आहे. घरी करून पाहिलं. "आपल्यात कोणी दिव्यांग आहे का?" आई म्हणाली, "नाही रे." मग वॉशिंग्टन गटाच्या सहा प्रश्नांतला पहिला विचारला : चष्मा लावूनही दिसायला त्रास होतो का? आजी लगेच म्हणाली, "खूप होतो. संध्याकाळनंतर तर पायरीही दिसत नाही." आजीकडे प्रमाणपत्र नाही, त्यामुळे कलम ८ ची नोंद उद्या चोख झाली तरी तिचं नाव त्यात येईलच असं नाही.

म्हणून माझ्या प्रस्तावातलं ते वाक्य मी खोडलं. आता तिथे प्रश्न आहे : सूचना मिळालेल्या पुरात, एकाच वस्तीत, एकाच वयाच्या माणसांपैकी पाहण्या-चालण्याचा त्रास असणारे आणि नसणारे किती वेळात सुरक्षित जागी पोहोचले? प्रश्न लहान झालाय, पण उत्तर आलं तर तलाठ्यासमोर ठेवता येईल. तुमच्या प्रस्तावातही असं एखादं वाक्य असेल. त्याच्यापुढे पेन्सिलने 'कशावरून?' लिहा, आणि दुसरा गट कुठे आहे ते शोधा.