टक्के बरोबर, प्रश्न चुकीचा

संशोधनाची तयारी करताना आपण पेपर वाचायला शिकतो, चरित्र वाचायला कोणी शिकवत नाही. मी विज्ञानाची विद्यार्थिनी, त्यामुळे माझी चरित्राशी ओळख शाळेतल्या निबंधापुरतीच. पण गेले काही दिवस पाकिस्तानातले जमीनदार, साखर कारखानदार आणि राजकारणी जहांगीर तरीन यांच्याबद्दल जे छापून आलंय ते वाचतेय, आणि वाटतं की सिनॉप्सिस लिहायला बसण्याआधी तुम्हीही ते वाचावं. माणूस आदर्श आहे म्हणून नाही. त्याच्यावरचं लिखाण नेमकं कुठे फसतं ते लख्ख दिसतं म्हणून.

आधी थोडक्यात ओळख. जन्म 1953, कोमिल्ला, म्हणजे आजच्या बांगलादेशात. वडील पोलीस अधिकारी. लाहोरला कॉलेज, 1974 मध्ये अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठातून एमबीए, मग परत येऊन दक्षिण पंजाबात लोधरानला घरची शेती. पुढे रहीम यार खान जिल्ह्यात ‘जेडीडब्ल्यू’ हा साखर उद्योग. ही अक्षरं जमालदीन वाली या गावाची, आणि ते गाव मेहुण्याच्या घराण्याचं. 2002 मध्ये खासदार, 2004 ते 2007 उद्योगमंत्री, 2011 मध्ये इम्रान खान यांच्या पक्षात. 15 डिसेंबर 2017 ला ब्रिटनमधली मालमत्ता नीट जाहीर न केल्याबद्दल सर्वोच्च न्यायालयाने त्यांना अपात्र ठरवलं. इम्रान खान यांच्याविरुद्धची याचिका त्याच दिवशी फेटाळली गेली.

यावरून दोन प्रकारचं लिखाण झालंय. एकात ते शिकलेले, आधुनिक शेतकरी. लोधरानमध्ये कमी खर्चात सांडपाण्याची सोय करणारी संस्था 1999 मध्ये सुरू करणारे. दुसऱ्यात ते आपल्या भाषेतले ‘साखरसम्राट’. (हा शब्द आपल्याकडे सहकारातून आलाय, तिकडचे कारखाने खासगी कंपन्यांचे, त्यामुळे तो जपून वापरायला हवा.) दोन्हीतली माहिती बहुतेक खरीच आहे. तरी वाचून झाल्यावर हातात काही राहत नाही, असं का?

2020 चं साखर प्रकरण घ्या. डिसेंबर 2018 ते जून 2019 या काळात पाकिस्तानात साखर किलोला 55 रुपयांच्या आसपासवरून 70 च्या वर गेली. त्याच काळात साखर निर्यातही होत होती आणि पंजाब सरकार निर्यातीला अनुदानही देत होतं. 4 एप्रिल 2020 ला चौकशी अहवाल बाहेर आला. त्यात दिसलं की त्या हंगामातलं सुमारे 56 कोटी रुपयांचं अनुदान एकट्या जेडीडब्ल्यूला मिळालं, म्हणजे एकूण रकमेच्या पाचव्या हिश्शाहून जास्त. झाला मथळा तयार!

तरीन यांचं उत्तर ऐकण्यासारखं आहे. ते म्हणाले, एक वर्ष कशाला धरता? निर्यातीत माझा वाटा 12.28 टक्के, आणि बाजारातला माझा हिस्सा सुमारे 20 टक्के. म्हणजे माझ्या वाट्यापेक्षा मी कमीच निर्यात केली. शिवाय मिळालेल्या 300 कोटींपैकी 250 कोटी विरोधी पक्षाच्या राजवटीतले, तेव्हा मी स्वतः विरोधी बाकावर होतो.

आता बघा, इथे कोणीच खोटं बोलत नाहीये. छेद बदलला की टक्के बदलतात, एवढंच. माझ्या पहिल्या सेमिनारला मी मोठ्या ऐटीत वाढीचे टक्के दाखवले होते. मागच्या बाकावरून एका सरांनी एकच शब्द टाकला, ‘कशाचे?’ मला उत्तर देता आलं नाही. त्या दिवसापासून टक्का दिसला की मी आधी छेद शोधते.

पण छेद सापडला म्हणून काम संपत नाही. आपल्याला योग्य वाटा मिळाला की जास्त, या प्रश्नाचं उत्तर तरीन देतात. खरा प्रश्न वेगळा आहे: ऊस पिकवणारा, साखर काढणारा आणि साखरेच्या धोरणाच्या बैठकीजवळ बसणारा माणूस एकच असेल, तर निर्यातीचा निर्णय कुणाच्या हिशेबाने होतो? या प्रश्नाला 12.28 किंवा 20 यातला कुठलाच आकडा उत्तर देत नाही. अहवालातला पाचवा हिस्साही देत नाही, आणि माझ्या मते अहवालावरच्या बातम्यांचं मोठं अपयश हेच.

अहवालानंतर बातमी आली की त्यांना कृषी कार्यदलाच्या अध्यक्षपदावरून काढलं. तरीन यांनी उलट विचारलं, मी अध्यक्ष असल्याची अधिसूचना दाखवा. बिनतोड सवाल! पण अपात्र असूनही ते सरकारी बैठकांना बसतात याबद्दल वर्षभर आधीच, एप्रिल 2019 मध्ये, त्यांच्याच पक्षाचे परराष्ट्रमंत्री शाह महमूद कुरेशी यांनी जाहीर आक्षेप घेतला होता. आणि आपण पंतप्रधानांच्या इच्छेने जातो, हे तरीन यांनीच सांगितलं होतं. फक्त पदांची यादी लावून त्यांचं चरित्र लिहिलंत, तर 2018 ते 2020 ही वर्षं कोरी दिसतील. प्रभाव मात्र सगळ्यात जास्त तेव्हाच होता.

2023 मध्ये त्यांनी नवा पक्ष काढला. फेब्रुवारी 2024 मध्ये लोधरान आणि मुलतान दोन्हीकडे हरले आणि राजकारण सोडलं. यावर ‘जनतेने धडा शिकवला’ छापाचं बरंच लिहिलं गेलं, त्यात मला रस नाही.

कुणाला विषय हवा असेल तर सांगते. जेडीडब्ल्यू ही शेअर बाजारात नोंदलेली कंपनी आहे, तिचे वार्षिक अहवाल मिळतात. शिल्लक साखर, निर्यात आणि बाजारभाव हे तीन स्तंभ शेजारी मांडा, आणि चौथ्या स्तंभात निर्यातीला परवानगी देणाऱ्या बैठकांच्या तारखा लिहा. चौथा स्तंभ भरायला सगळ्यात जास्त वेळ लागेल.