एकर : एका शब्दाची मोजणी

आपल्या बावड्याकडं 'एकर' हा शब्द कुणालाच इंग्रजी वाटत नाही. सोयरीक ठरवताना "किती एकर हाय?" हाच पहिला सवाल. सोसायटीचं कर्ज एकरावर, उसाची नोंद एकरावर, गावातला मान-पानही एकरावर. सातबाऱ्यावर आता हेक्टर-आर लिहितात, पण माणसं बोलतात एकरातच. गावची शीव दाखवायचं काम आपल्या बापजाद्यांनी वतन म्हणून केलं. शिवेचा तंटा लागला की महाराची साक्ष काढली जायची. शब्दांनाही शीव असते, आणि ती तपासायचं काम आता आपलं आहे. म्हणून मी हा एकच शब्द मोजायला घेतला.

जुन्या इंग्रजीत या शब्दाचा अर्थ होता नांगरटीचं उघडं रान. त्यात माप नव्हतं. जर्मन 'आकर', लॅटिन 'आगेर', ग्रीक 'आग्रोस' हे त्याचे भाऊबंद. वैदिक संस्कृतातला 'अज्र', म्हणजे शेत किंवा मैदान, हाही त्याच घरातला. भाषेचे अभ्यासक या सगळ्यांचं मूळ 'अज्' म्हणजे हाकणे या धातूशी जोडतात. जनावरं जिथं हाकली ते रान. पुढं इंग्लंडात एक बैलजोत दिवसभरात जेवढं नांगरील तेवढ्या रानाला एकर म्हणू लागले. बैल दम न खाता जेवढं लांब तास ओढतील ते अंतर म्हणजे फर्लांग, २२० यार्ड. फर्लांगभर लांब आणि २२ यार्ड रुंद अशी पट्टी म्हणजे एकर, ४८४० चौरस यार्ड. राजांनी कायदे करून हे माप पक्कं केलं, आणि बैल व नांगऱ्या त्या शब्दातून हळूहळू बाहेर पडले.

म्हणजे एकर हे मुळात कष्टाचं माप होतं. आपल्याकडंही असंच होतं. काठी, पांड, बिघा, चाहूर ही सरकारी मापं. वीस काठ्यांचा पांड, वीस पांडांचा बिघा, एकशेवीस बिघ्यांचा चाहूर. पण कुणबी बोलायचा औतात. "दोन औताचं रान" म्हटलं की किती बैल, किती गडी लागणार ते कळायचं.

आता इंदापूर तालुक्याची गोष्ट ऐका. ती शाळेत कुणी शिकवत नाही. पेशवाई गेल्यावर प्रिंगल नावाच्या साहेबानं पुणे जिल्ह्यात जमीन मोजली आणि सारा बसवला. सारा एवढा जड झाला की रानं पडीक पडली, माणसं परागंदा झाली. मग गोल्डस्मिड आणि लेफ्टनंट विंगेट या दोघांनी नव्यानं मोजणी धरली ती आपल्या इंदापूर तालुक्यात. १८३६ साली इथं नवे दर लागू झाले, तीस वर्षांसाठी. हीच पद्धत पुढं सगळ्या मुंबई इलाख्यात गेली. शेताला नंबर, नंबराला एकर आणि गुंठे, मातीची प्रत आण्यात. गुंठा ३३ फूट चौरस, असे चाळीस गुंठे म्हणजे एकर. एक नंबर केवढा ठेवायचा हे ठरवतानासुद्धा साहेबांनी हिशेब धरला तो एका बैलजोडीनं किती रान कसता येईल याचाच. बैलांचा हिशेब दप्तरात आला. बैल हाकणारा आला नाही. नंबरापुढं नाव लागलं ते सारा भरणाऱ्याचं.

आणि आपली जमीन? तिचं नाव हाडकी, हाडोळा. नावातच हाड. पाटलाच्या वतनाला पाटीलकी म्हणायचे, त्यात अधिकार होता. आपल्या जमिनीच्या नावात मेलेलं ढोर होतं. त्या तुकड्यापायी रात्रंदिवस सरकारची आणि गावाची वेठ. १९२८ साली बाबासाहेबांनी मुंबई कायदेमंडळात वतनाचं बिल मांडलं. त्यातली एक मागणी अशी होती की वतनदाराला पाहिजे तर त्यानं पूर्ण सारा भरावा, जमीन रयतवारीनं घ्यावी आणि वेठीतून सुटावं. हाडोळ्याचा एकर करा, असा त्याचा अर्थ मी लावतो. बिल तेव्हा मंजूर झालं नाही. कनिष्ठ वतनं खालसा करणारा कायदा व्हायला १९५८ साल उजाडलं. त्यानंतरही फेरवाटपाच्या जमिनीवर 'कलेक्टरच्या परवानगीशिवाय विकायची नाही' ही अट राहिलीच.

"कसेल त्याची जमीन" ही घोषणा तुम्ही ऐकली असेल. १९४८ च्या कूळकायद्यात 'जातीने कसणे' याची व्याख्या काढून वाचा. स्वतःच्या कष्टानं कसणं, घरच्यांच्या कष्टानं कसणं, आणि तिसरं, देखरेख ठेवून मजुराकडून करवून घेणं. बांधावर छत्री घेऊन उभा राहिला तोही कसणारा! १ एप्रिल १९५७ च्या कृषकदिनी कुळं मालक झाली, हे चांगलंच झालं. पण सालगडी आणि रोजानं जाणारी बाई यांचं काय? सातबाऱ्यावर भोगवटादाराला जागा आहे, कुळाला आहे, इतर हक्कांना आहे, पिकाला आहे, पडिकालासुद्धा आहे. मजुराला रकाना नाही. एकराचं जे झालं तेच 'कसणे' या मराठी शब्दाचं झालं. दोन्हीतून घाम निथळून काढला.

शब्दाचा कीस काय पाडायचा, असं कुणी म्हणेल. त्यानं १९७२ साल आठवावं. त्या साली बावड्याचं नाव सगळ्या महाराष्ट्रानं ऐकलं, कारण गावानं दलितांवर बहिष्कार टाकला होता. त्याच साली मुंबईत दलित पँथर उभी राहिली, आणि तिच्या उभारणीची कारणं सांगताना बावड्याचं नाव घेतलं जातं. बहिष्काराला लाठी लागत नाही. कामाला बोलवायचं नाही, दुकानातून माल द्यायचा नाही, रानातून वाट द्यायची नाही, एवढं पुरतं. रान ज्याचं त्याच्या हातात चूल. १९३० च्या स्टार्ट समितीनं हेच लिहून ठेवलं होतं. बाबासाहेब त्या समितीत होते. पोटासाठी गावावर अवलंबून असलेल्या माणसाविरुद्ध बहिष्काराचं हत्यार किती जालीम, ते तिथं नोंदलेलं आहे.

आता साहित्याकडं येतो. ग्रामीण साहित्यात 'काळी आई' फार. आई म्हटलं की वाटणीचा प्रश्न विचारायची चोरी. ज्याच्या नावावर गुंठा नाही त्याची ती कोण, हे कथेत येत नाही. पण आपणही कमी नाही. आपल्या कवितांत आग आहे, सूर्य आहे, ज्वालामुखी तर ढिगानं. जमीन आली तर ती 'माती' म्हणून येते, कपाळाला लावायला. किती एकर, कुणाच्या नावावर, मजुरी किती, हे विचारणारी ओळ क्वचित सापडते. दादासाहेब गायकवाडांच्या मागं १९५९ आणि १९६४-६५ च्या भूमिहीनांच्या सत्याग्रहांत माणसं जथ्याजथ्यानं तुरुंगात गेली. ती मातीचं गाणं गात गेली नव्हती. पडीक आणि गायरान जमिनीचा रोकडा हिस्सा मागत होती.

नुसता एकर मागूनही भागणार नाही, हे बाबासाहेबांनी १९१८ सालीच सांगितलं. लहान धारणक्षेत्रांवरच्या त्यांच्या निबंधाचा मुद्दा असा, की जमिनीच्या आकारावरून ती परवडणारी की न परवडणारी हे ठरत नाही. तिला जोडलेलं भांडवल, अवजारं आणि श्रम यांचं प्रमाण बघावं लागतं. नीरेच्या कालव्याखालचा एकर आणि माळावरचा एकर एक नव्हेत, हे आपल्या तालुक्यात पोरालाही कळतं. १९७५ च्या सीलिंगनंही ते मानलं. बारमाही पाण्याची मर्यादा १८ एकर, कोरडवाहूची ५४. पुढं १९४७ च्या 'राज्ये आणि अल्पसंख्याक' या निवेदनात तर बाबासाहेबांनी शेती हा सरकारी उद्योगच करायला सांगितला. जमीन गावकऱ्यांनी जातीभेद न करता सामुदायिक कसायची, जमीनदार, कूळ आणि भूमिहीन मजूर हे भेदच ठेवायचे नाहीत. ज्याचे हात रानात त्याचा रानावर हक्क, हा एकराचा पहिला अर्थ त्या मांडणीत परत येतो.

मित्रांनो, एक काम करा. आपापल्या गावचा हाडोळा मूळ किती एकर होता, आज कुणाच्या नावावर आहे, फेरफार कधी आणि कसा झाला, याचे उतारे तलाठ्याकडून काढा. ते आकडे या अंकासाठी पाठवा. कविता आधी छापायची की उतारा, हे मग आपण बसून ठरवू. माझं मत उताऱ्याला.