भाड्याच्या खोलीतून दिसलेलं युद्ध

शॉन ओकेसीची तीन नाटकं आपल्या कार्यकर्त्यांनी वाचली पाहिजेत. भक्तीनं नाही, भांडत भांडत. 'द शॅडो ऑफ अ गनमॅन' (१९२३), 'जूनो अँड द पेकॉक' (१९२४) आणि 'द प्लाउ अँड द स्टार्स' (१९२६). तिन्ही डब्लिनच्या अ‍ॅबी थिएटरात पहिल्यांदा उभी राहिली. आयर्लंड इंग्रजांशी बंदुकीनं लढला आणि मग तीच बंदूक त्यानं भावाच्या छातीवर धरली. त्या वर्षांचा हिशेब या नाटकांत आहे. आणि हिशेब मांडणारा पुढारी नाही, प्राध्यापक नाही. रेल्वेवर फावडं मारलेला मजूर आहे.

१८८० चा जन्म. लहानपणापासून डोळे अधू, शाळा धड नाही, बरंचसं स्वतःच शिकला. जिम लार्किनच्या युनियनमध्ये गेला. कामगारांची जी सेना होती, आयरिश सिटिझन आर्मी, तिचा १९१४ साली सेक्रेटरी झाला आणि त्याच वर्षी राजीनामा देऊन बाहेर पडला. त्याचं पहिलं नाटक रंगमंचावर आलं तेव्हा तो त्रेचाळीस वर्षांचा होता. अशा माणसाचं लिखाण 'जिवंत', 'रांगडं', 'मातीतलं' म्हणायची प्रस्थापित समीक्षकांना भारी हौस. तेवढं म्हटलं की सुटले. तो म्हणतो काय, हे ऐकायची जबाबदारी राहत नाही.

आधी जागा बघा. तिन्ही नाटकं टेनेमेंटमध्ये घडतात. टेनेमेंट म्हणजे एके काळचे श्रीमंतांचे वाडे, पुढं खोली-खोलीनं गरिबांना भाड्यानं दिलेले. १९१३-१४ च्या सरकारी चौकशीत डब्लिनच्या अशा घरांत २५,८२२ कुटुंबं निघाली. त्यातली २०,१०८ एकेका खोलीत राहत होती. २ सप्टेंबर १९१३ ला चर्च स्ट्रीटवरची दोन घरं कोसळली, सात माणसं मेली.

त्याच दिवसांत शहरात टाळेबंदी चालू होती. युनियन सोडा नाहीतर घरी बसा, असा मालकांचा दम. सुमारे वीस हजार कामगार बाहेर काढले गेले. मालकांचा म्होरक्या विल्यम मार्टिन मर्फी. हा इंग्रज नव्हता बरं का. आयरिश होता, राष्ट्रवादी होता, होमरूलच्या बाजूनं पार्लमेंटात बसलेला होता. पोलिसांच्या लाठ्या अडवायला नोव्हेंबरात सिटिझन आर्मी निघाली. १९१४ उजाडलं आणि कामगार उपाशीपोटी हरले.

हे एवढं सांगितलं, कारण पुढचं सगळं याच्या पोटातून येतं. २४ एप्रिल १९१६ ला ईस्टरचा उठाव झाला. जेम्स कॉनलीनं कामगारांची सेना पॅट्रिक पिअर्सच्या राष्ट्रवादी स्वयंसेवकांबरोबर उतरवली. सहा दिवसांत ४८५ माणसं मेली, निम्म्याहून जास्त साधे नागरिक. जखमी कॉनलीला १२ मे रोजी खुर्चीवर बसवून गोळ्या घातल्या. 'द प्लाउ अँड द स्टार्स' या आठवड्याचं नाटक आहे. नाव सिटिझन आर्मीच्या झेंड्यावरून घेतलंय, नांगर आणि तारे.

आणि हा झेंडा ओकेसी दारूच्या गुत्त्यात आणतो. बाहेर पुढाऱ्याचं भाषण चाललंय, रक्त सांडण्याचं गुणगान. आत धंदा होत नाही म्हणून रोझी ही वेश्या वैतागलीय. भाषणानं पेटलेले गडी झेंडे घेऊन दारू प्यायला आत येतात. तिकडं घरी मोल्सर नावाची पोर क्षयानं झिजून मरते. तिच्या मरणाला कुणी बलिदान म्हणत नाही. पण ती कशानं मेली? त्या खोलीनंच मारली.

बेसी बर्जेसकडे नीट बघा. फळं विकून जगणारी प्रोटेस्टंट बाई. पोरगा ब्रिटिश सैन्यात, ही राजाची गाणी गाते, शेजाऱ्यांना शिव्या घालते. पण शेजारची नोरा कोसळते तेव्हा गोळीबारात डॉक्टर शोधायला हीच जाते. नोराला खिडकीतून ओढताना ब्रिटिश सैनिकांचीच गोळी तिला लागते. मरताना नोराला शिव्या देतच मरते. संतीण केली नाही तिची ओकेसीनं, हे बरं केलं.

बाबासाहेबांनी 'अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट'मध्ये (१९३६) आयर्लंडचा दाखला दिलाय तो इथं आठवा. रेडमंड अल्स्टरच्या प्रोटेस्टंटांना मागाल ती संरक्षणं द्यायला तयार होता. त्यांनी ती धुडकावली, तुमचं राज्यच नको म्हणाले. समाजातली फूट न बघता राज्याचा आराखडा आखता येत नाही, हा त्यातला धडा. अल्स्टरचे प्रोटेस्टंट वरचढ होते, बेसी मात्र कंगाल आहे. तरी धर्माची भिंत तिच्या फाटक्या खोलीतून पण जाते. हे भाषणात सांगता येतं. ओकेसी ते जिन्यावरच्या भांडणात दाखवतो.

प्रयोगाच्या पहिल्याच आठवड्यात, ११ फेब्रुवारी १९२६ ला थिएटरात दंगा झाला. कवी येट्सनं रंगमंचावरून प्रेक्षकांना फटकारलं. 'मूर्ख जमाव विरुद्ध थोर कला' अशी ही गोष्ट सांगितली जाते. मला ती पटत नाही. विरोध करणाऱ्यांत हाना शीही-स्केफिंग्टन होती. तिचा नवरा फ्रान्सिस, शांततावादी माणूस, त्याच १९१६ च्या आठवड्यात एका ब्रिटिश लष्करी अधिकाऱ्यानं खटल्याविना गोळ्या घालून मारायला लावला होता. अशा बाईला अडाणी कसं म्हणणार? आमची माणसं कशासाठी मेली ते या नाटकात कुठाय, असा तिच्या बाजूचा सवाल होता. सवाल रास्त आहे.

आता 'जूनो'. तिघांत हे सगळ्यात भारी. यात यादवी युद्ध आहे. डिसेंबर १९२१ चा इंग्रजांशी करार, ७ जानेवारी १९२२ ला आयरिश संसदेत तो ६४ विरुद्ध ५७ मतांनी मंजूर. २८ जूनला करारवाल्या सरकारनं इंग्रजांकडून घेतलेल्या तोफांनी फोर कोर्ट्समधल्या आपल्याच जुन्या साथीदारांवर मारा केला. मे १९२३ पर्यंत हे चाललं. सरकारनं ७७ कैद्यांना रीतसर गोळ्या घातल्या. त्यांत रोरी ओकॉनर होता. त्याच्या मृत्यूच्या हुकुमाला संमती देणारा मंत्री केविन ओहिगिन्स. वर्षभरापूर्वी ओहिगिन्सच्या लग्नात नवऱ्याचा पाठराखा हाच ओकॉनर होता. ७ मार्च १९२३ ला बॅलिसीडीला नऊ कैदी सुरुंगाभोवती बांधून उडवले. आठ मेले, एक वाचला.

ओकेसी यातलं काही दाखवत नाही. तो एक खोली दाखवतो. बाप बॉयल कामचुकार, दारुडा, बढाईखोर. मुलगी मेरी एका काढून टाकलेल्या कामगारणीसाठी संपावर. मुलगा जॉनी लढाईत हात गमावून कोपऱ्यात थरथरतोय. त्यानं वरच्या मजल्यावरच्या टँक्रेडला, आपल्याच साथीदाराला पकडून दिलंय. टँक्रेडची आई रडत जिना उतरते, आणि नाटक संपता संपता त्याच शोकाची पाळी जूनोवर येते. त्याचेच जुने साथीदार जॉनीला घेऊन जातात आणि मारतात.

जॉनी तत्त्वाच्या गोष्टी करतो तेव्हा आईला दिसतो तो तुटलेला हात. साच्यावर उभं राहणाऱ्याला हे समजावून सांगावं लागत नाही. हात म्हणजे मजुरी. हात गेला तर कायमचा खाडा.

इथपर्यंत ओकेसी आपला. इथून पुढं माझं भांडण.

त्याच्या नाटकातला कामगार कार्यकर्ता बघा. 'प्लाउ'मधला कोव्ही हा समाजवादी नुसता पुस्तकी बडबड्या. 'जूनो'मधला जेरी डेव्हाइन युनियनचा माणूस, पण मेरी दुसऱ्यापासून गरोदर आहे कळताच पाठ फिरवतो. अशी माणसं असतात, आपल्यातही भेटतात. पण सगळीच अशी? १९१३ साली उपाशी राहून युनियन न सोडणारी माणसं कुठं गेली? ओकेसी त्यांच्यातलाच होता, त्यानं १९१९ साली सिटिझन आर्मीचा इतिहासही लिहिलाय. तरी नाटकात एका बाजूला पुरुषांची पोकळ तत्त्वं, दुसऱ्या बाजूला बाईची चूल, एवढंच उरतं. तिसरी वाट त्याला दिसत नाही.

ती होती. जून १९२२ च्या निवडणुकीत लेबर पक्षानं १८ उमेदवार उभे केले, १७ निवडून आले. लोक भाकरीबद्दल बोलत होते. बारा दिवसांनी तोफा सुरू झाल्या आणि ते बोलणं बुडालं. सप्टेंबरात टपाल कामगार संपावर गेले. नव्या स्वतंत्र सरकारनं सांगितलं, तुम्हाला संपाचा हक्कच नाही.

मेरी बॉयलचं पुढं काय झालं असतं? नाटकात आई तिला घेऊन घर सोडते. बाहेरचं आयर्लंड तसं मायाळू नव्हतं. कुमारी मातांना कोंडायच्या संस्था या स्वतंत्र देशात दशकानुदशकं चालल्या. १९२२ ते १९९८ या काळातल्या अशा १८ संस्थांची चौकशी झाली. २०२१ च्या अहवालाप्रमाणे तिथं सुमारे ५६,००० माता होत्या, सुमारे ९,००० मुलं मेली. हेही त्या युद्धाच्या खात्यातच मांडा. आणि एकमेकांना मारणाऱ्या दोन बाजूंतून निघालेले दोन मोठे पक्ष? २०२० साली मांडीला मांडी लावून एका सरकारात बसले. टँक्रेड आणि जॉनी मात्र मेले ते मेलेच.

मित्रांनो, ओकेसी वाचा. आपल्याला लढाई नको असं शिकायला नव्हे, ते तो सांगतो असं मला वाटतही नाही. लढाईच्या पहिल्याच दिवशी विचारायचे सवाल शिकायला वाचा. ही खोली कोणाची, भाडं कोण घेतंय, आणि जिंकल्यावर ते कोण घेणार? हे सवाल जूनोला विचारता आले नाहीत, ओकेसीनं तिला विचारू दिले नाहीत. ते आपण विचारायचे. आणि जो पुढारी म्हणेल, हे नंतर बघू, त्याला मर्फीचं नाव सांगायचं.