चालविणे आणि चालवून घेणे: मोबाइलवरील शर्यतीच्या खेळांचे कन्सोलवरील रूपांतर

मोबाइलसाठी रचलेला मोटारशर्यतीचा खेळ हातात धरावयाच्या कन्सोलवर आणला जातो, तेव्हा त्याची परीक्षा बहुधा चित्रांच्या रेखीवपणावरून केली जाते. ही कसोटी अपुरी आहे. मार्च 2017 मध्ये बाजारात आलेल्या निन्टेंडो स्विच या कन्सोलच्या गाभ्याशी असलेली टेग्रा एक्स-1 ही चिप मोबाइल व टॅब्लेट यांच्याच कुळातील होय. तिचा पडदा 6.2 इंचांचा असून तो स्पर्शही ओळखतो. अर्थात् यंत्राच्या दृष्टीने पाहता येथे परभाषेत जाण्याचा प्रसंग नाही. एका बोलीतून शेजारच्या बोलीत जाण्याइतकेच हे अंतर आहे. असे असूनही काही रूपांतरे जिवंत वाटतात व काही परकी वाटतात. याचे कारण चित्रांत नसून खेळणाऱ्याच्या कर्तृत्वात शोधावे लागते.

गेमलॉफ्ट या संस्थेची ‘अस्फाल्ट’ मालिका या दृष्टीने अभ्यसनीय आहे. 2004 मधील तिचा पहिला खेळ मोबाइलप्रमाणेच निन्टेंडो डीएसवरही आला होता. म्हणजे दोन्ही घरांशी तिचा संबंध जन्मापासूनचा. ‘अस्फाल्ट 9: लेजंड्स’ हा खेळ 2018 मध्ये मोबाइलवर आणि ऑक्टोबर 2019 मध्ये स्विचवर आला. (2024 मध्ये त्याचे नामांतर झाले, ते येथे अप्रस्तुत आहे.) या खेळात ‘टचड्राइव्ह’ नावाची योजना आहे. तीत मोटार आपोआप धावते व वळणही आपोआप घेते. कोणत्या फाट्याने जावयाचे, केव्हा घसरत वळावयाचे आणि नायट्रोचा झोत केव्हा सोडावयाचा, एवढेच खेळणाऱ्याने ठरवावयाचे.

मराठीत ‘चालविणे’ हे मुळातच प्रयोजक क्रियापद आहे: गाडी चालते, माणूस ती चालवितो. टचड्राइव्हमध्ये त्यावर आणखी एक पायरी चढते. येथे माणूस गाडी चालवीत नाही, तो ती चालवून घेतो. मोबाइलवर ही रचना सर्वस्वी योग्य आहे, हे प्रथम मान्य केले पाहिजे. काचेच्या सपाट पृष्ठावर बोटाला आधार नसतो, वळणाचे प्रमाण अंगठ्याला जाणवत नाही आणि तो अंगठाच रस्ता झाकतो. ज्या हाताला सुकाणू धरताच येत नाही, त्याला सारथ्याऐवजी आज्ञा देणाऱ्याचे काम देणे ही लबाडी नव्हे. ते माध्यमाचे यथार्थ आकलन होय.

परंतु स्विचवर त्याच हाताला दांडी मिळते, बटने मिळतात, तळहातात पकड मिळते. टचड्राइव्ह तेथेही उपलब्ध आहे, आणि हाती सुकाणू घेण्याचा पर्यायही आहे. हा दुसरा पर्याय निवडला की मूळ रचनेचे शिवण उघडे पडते. फाट्यांचे जाळे, उड्यांच्या उतरंडी, थोडक्या काळात संपणारी शर्यत हे सारे आज्ञा देणाऱ्याच्या सोयीने आखलेले आहे. वळणाचा कोन साधण्यात जो आनंद असतो, त्यासाठी त्या रस्त्यांवर फारशी जागाच ठेवलेली नाही. शब्द सगळे आले, परंतु वाक्याचा कर्ता जुनाच राहिला.

याच्या उलट बाजूस ‘ग्रिड ऑटोस्पोर्ट’चे उदाहरण ठेवता येते. कोडमास्टर्सचा हा 2014 चा खेळ मुळात संगणक व मोठ्या कन्सोलांचा. फेरल इंटरअॅक्टिव्हने तो 2017 मध्ये आयफोनवर व सप्टेंबर 2019 मध्ये स्विचवर आणला. स्विचची वरच्या कडेची बटने दाबलेली वा सुटलेली एवढेच जाणतात. अर्धा वेग किंवा हलका ब्रेक त्यांना कळत नाही. ज्या खेळाचे मर्मच वेगाच्या मात्राभेदात आहे, त्याच्या दृष्टीने हे उणेपण मोठे. रूपांतरकारांनी ते झाकले नाही. वेग उजव्या दांडीवर घेण्याची सोय त्यांनी दिली, आणि जुन्या गेमक्यूबच्या नियंत्रकाची दाब ओळखणारी बटनेही उपयोगात आणू दिली. ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नसलेल्या लिपीत वृत्त लिहिण्यासाठी नवे चिन्ह योजावे, तशी ही युक्ती आहे. ती दिसावयास ओबडधोबड आहे. पण भेद टिकतो.

रूपांतराचा दुसरा, आणि कदाचित अधिक गंभीर प्रश्न मोबाइलच्या अर्थव्यवहाराचा आहे. ‘इंधन’ हा एकच शब्द घ्यावा. ब्राझीलमधील पोर्तो आलेग्रे येथील अक्विरिस या संस्थेचा ‘होरायझन चेस’ 2015 मध्ये मोबाइलवर आला. 1992 च्या ‘टॉप गिअर’चा वारसा तो उघडपणे सांगतो, त्याचे संगीतही त्याच बॅरी लीच यांचे आहे. या खेळात इंधन शर्यतीतच संपत जाते आणि रस्त्यावरील टाक्या टिपून ते भरावे लागते. ते मिळविण्यासाठी सोयीची वाट सोडावी लागते. ‘अस्फाल्ट 9’च्या मोबाइल आवृत्तीत मात्र इंधन शर्यतीबाहेरचे आहे. ठरावीक शर्यतींनंतर मोटार थांबते आणि वेळ गेल्यावरच पुन्हा भरते. पहिले इंधन कथानकातील संकट आहे, दुसरे केवळ प्रतीक्षा आहे. शब्द एक, पण एकाचा अर्थ खेळात आहे आणि दुसऱ्याचा दुकानात.

म्हणूनच 2018 मध्ये ‘होरायझन चेस टर्बो’ या नावाने हा खेळ कन्सोलवर आला, तेव्हा त्यात काही तोडावे लागले नाही, भर तेवढी पडली. एकाच पडद्याचे भाग करून चौघांनी खेळण्याची सोय ही त्यातील मुख्य भर. ‘अस्फाल्ट 9’ स्विचवरही फुकट मिळे व आत पैसे मागे. मोटारींचे आराखडे तुकड्या-तुकड्यांनी जमविण्याची पद्धतही त्याबरोबर आली.

या दोहोंमधील स्थिती ल्यों येथील एडन गेम्सच्या ‘गिअर.क्लब’ची. 2016 च्या या फुकट खेळाची ‘अनलिमिटेड’ ही आवृत्ती नोव्हेंबर 2017 मध्ये स्विचवर आली, ती पूर्ण किंमत घेऊन. आतील खरेदी गेली, हे स्वागतार्ह झाले. पण आखूड शर्यती आणि मोटारींची कार्यशाळा तुकड्या-तुकड्यांनी वाढविण्याचा क्रम राहिला. ज्या विरामात पूर्वी पैसे मागितले जात, तेथे आता कोणी काही मागत नाही; विराम मात्र तसाच आहे. ‘टेस्ट ड्राइव्ह अनलिमिटेड’मध्ये एका सबंध बेटावर मोकळे भटकू देणाऱ्या संस्थेकडून एवढ्या धाकाची अपेक्षा नव्हती.

जून 2025 मध्ये स्विच 2 आला. त्याच्याही वरच्या कडेच्या बटनांना दाबाच्या मात्रा कळत नाहीत. फेरलने 2019 मध्ये उजव्या दांडीवर सोपविलेले काम तेथेही दांडीलाच करावे लागेल.