नावं ठेवण्याविषयी

पक्ष्यांना नावं ठेवण्याचं काम ज्यांनी केलं, त्यांना आज मी थोडी नावं ठेवणार आहे. निमित्त कुरवांचं. कुरव म्हणजे आपले सीगल. पाऊस आवरला की ते रत्नागिरीच्या भाट्ये खाडीवर उतरतात, आणि दिवाळीचा फराळ पचावा म्हणून मीही उतरतो. गळ्यात दुर्बीण, काखेत पुस्तक, मागे सौभाग्यवती.

माझं भांडण दोघांपायी आहे. एक काळ्या डोक्याचा कुरव, दुसरा तपकिरी डोक्याचा. ऐकायला सोपं! पण काळ्या डोक्याच्या कुरवाचं डोकं काळं नसतंच. गडद चॉकलेटी, म्हणजे तपकिरीच असतं. बरं, तेही विणीच्या दिवसांत. तेव्हा तपकिरी डोक्याचे महाशय लडाख-तिबेटच्या सरोवरांवर संसार थाटून असतात. हिवाळ्यात पाहावं तर दोघांचीही डोकी पांढरी, कानापाशी तेवढा एक काळा ठिपका, तीट लावल्यासारखा. म्हणजे नाव डोक्यावरून, आणि भेट रंग उतरल्यावर! आमच्या आळीत काळे आडनावाचे एक गोरेपान गृहस्थ आहेत. पण ते निदान हाक मारली की वळून तरी बघतात.

यावर पुस्तकांचा खुलासा असा: तपकिरी डोक्याच्या पंखांची टोकं काळी, त्यांत पांढरे ठिपके, ज्यांना 'आरसे' म्हणतात, डोळा फिकट. काळ्या डोक्याच्या पंखाची पुढची कडा पांढरी, डोळा गडद. सगळं खरं. पण आरसे नीट दिसतात पंख उघडल्यावर, आणि पक्षी पंख उघडतो तो निघून जायला. शिवाय पहिल्या हिवाळ्यातल्या पोरांना आरसे नसतातच.

सलीम अलींचं १९४१ सालचं 'द बुक ऑफ इंडियन बर्ड्‌स' मला जवळचं वाटतं ते त्यातल्या घरगुती मापांमुळे. चिमणीएवढा, बुलबुलाएवढा, कावळ्याएवढा. सेंटिमीटरनं मोजायला पक्षी म्हणजे काही शर्टपीस नव्हे. नंतरची जाडजूड पुस्तकं अधिक बिनचूक आहेत, मान्य. पण 'कधीकधी ओळखता येत नाही, सोडून द्या', हे वाक्य मला मोठ्या टायपात, पहिल्याच पानावर हवं आहे.

कारण माझी वही. तिच्यात सहा वर्षं मी ठणठणीत अक्षरात 'काळ्या डोक्याचा' असं लिहीत आलो. परवा कुणीतरी मासळीची टोपली झटकली आणि सगळा घोळका एकदम उठला.

"अहो, यांच्या पंखांना टिकल्या आहेत," ही म्हणाली.

होत्या. जवळजवळ सगळ्यांनाच. सहा वर्षं माझं लक्ष पानावर होतं, हिचं पाखरांवर.

खोडावं, तर तेव्हाच्या पक्ष्यांची साक्ष आता कोण काढणार? वाळूवर बसून एकेका नोंदीपुढे पेन्सिलीनं प्रश्नचिन्ह काढत होतो. चौथ्या पानावर हिनं विचारलं, "आणि तो एकटा मोठा कोण, पिवळ्या चोचीचा?"

मी पुस्तक तिच्या हातात दिलं.