सोंग कोणाचं, चेहरा कोणाचा : ऐतिहासिक मालिका आणि पात्रनिवड



आज आम्ही टीव्हीवर बोलणार आहोत. तत्त्वज्ञान शिकवण्यात जन्म गेलेल्या माणसानं मालिकांच्या भानगडीत कायले पडावं, असं तुमच्यातल्या काहींना वाटत असेल. पण आज घरोघरी इतिहास पोचतो तो ग्रंथांतून नाही, रात्रीच्या मालिकेतून पोचतो. तेव्हा त्या इतिहासात कोणाचा चेहरा दिसतो आणि कोणाचा दिसत नाही, हे विचारायला हवं.

वादाला तोंड फुटलं ते परदेशात. 2020 साली 'ब्रिजर्टन' नावाची मालिका आली. काळ 1813 चा, शहर लंडन, आणि इंग्लंडची राणी कृष्णवर्णीय, एक बडा ड्यूकही कृष्णवर्णीय. झालं! एक बाजू म्हणाली, इतिहासाची वाट लावली. दुसरी म्हणाली, नाटक आहे, नाटकात कोणीही कोणाचंही काम करावं. हा वाद आता आपल्याकडेही उसना घेऊन खेळला जातो. आमचं म्हणणं असं की उसना घेतल्यामुळे तो उलटा खेळला जातोय. कसा, ते सांगतो.

आधी मूळ प्रश्न. नटाला पाहून आपण 'हा राजा' असं म्हणतो तेव्हा आपल्या मनात नेमकं काय घडतं? श्रीशंकुक नावाच्या आपल्या जुन्या काव्यशास्त्रज्ञानं याचं फार देखणं उत्तर दिलंय. चित्रातला घोडा पाहून आपण 'घोडा' म्हणतो. ते ज्ञान खरं म्हणता येत नाही, कारण तिथे घोडा नाही. खोटं म्हणता येत नाही, कारण आपण फसलेलो नसतो. तो संशयही नव्हे, आणि 'घोड्यासारखं काहीतरी' असं नुसतं सादृश्यही नव्हे. या चौघांहून वेगळी अशी ती प्रतीती आहे. यालाच चित्रतुरगन्याय म्हणतात. रंगमंचावरचा राम असाच असतो. नट खरा राम आहे की नाही, हा प्रश्न जाणत्या प्रेक्षकाला पडतच नाही.

आणि आपला प्रेक्षक जाणता आहेच. बालगंधर्वांची भामिनी पाहताना तो पुरुष आहे हे कोणाला ठाऊक नव्हतं? बी. आर. चोप्रांच्या 'महाभारता'त अर्जुन झाला फिरोज खान, संवाद लिहिले राही मासूम रझांनी, आणि आपल्या आयाबहिणींनी टीव्हीपुढे हात जोडले. त्याच 1988 साली श्याम बेनेगलांच्या 'भारत एक खोज'मध्ये नसीरुद्दीन शाह शिवाजी महाराज झाले आणि ओम पुरी औरंगजेब. दंडारीत मिशीवाला गडी पदर घेऊन नाचतो तेव्हा आपलं खेडं काही 'इतिहास बिघडला' म्हणून उठून जात नाही. सोंग म्हणजे काय, हे आम्हा वऱ्हाडातल्या माणसांना परदेशातून शिकायची गरज नाही.

मग सगळंच चालतं का? नाही. इथे जरा थांबावं लागेल.

चित्रातला घोडा घोडा म्हणून ओळखू यायचा तर काही रेषा लागतात. रंग नसला तरी चालेल, पण आयाळ आणि मान नसली तर बैल वाटेल. तसंच पात्राचं आहे. काही गुणांवर गोष्ट उभी असते, काही गुण नुसते सोबतीला असतात. सुरतेच्या वखारीतल्या इंग्रजांच्या लिखाणात महाराजांची उंची बेताचीच सांगितली आहे. मालिकांतले महाराज उंचेपुरे असतात. कोणी तक्रार करत नाही, करूही नये, कारण स्वराज्याची गोष्ट उंचीवर उभी नाही. उलट 'उंच माझा झोका' घ्या. 1873 साली अकरा वर्षांच्या रमाबाईंचं लग्न तिशी ओलांडलेल्या न्यायमूर्ती रानड्यांशी झालं. तिथे सुरुवातीची रमा खरोखर लहान मुलगीच हवी होती, आणि तशीच घेतली. विशीतली नटी दोन वेण्या घालून उभी केली असती, तर त्या लग्नातला सगळा काच निघून गेला असता.

याहून बोलकं उदाहरण इतिहासानंच देऊन ठेवलंय. 1660 साली पन्हाळ्याच्या वेढ्यातून महाराज निसटले तेव्हा दुसऱ्या पालखीत महाराजांचं सोंग घेऊन शिवा काशीद बसला, अशी परंपरा सांगते. न्हावी समाजातला हा गडी महाराजांसारखा दिसत होता म्हणून ते शक्य झालं. इथे दिसणं हाच गोष्टीचा कणा आहे. आणि ही पात्रनिवड चुकली असती तर फक्त टीआरपी पडला नसता!

तर आमची कसोटी इतकीच : ज्या गुणावर गोष्ट उभी आहे, त्या गुणाशी खेळू नका. बाकी नटाचा धर्म, जात, गाव, रंग काही का असेना.

आता ही कसोटी आपल्या मालिकांना लावू या. पन्हाळ्याला वेढा घालून बसला होता सिद्दी जौहर. सिद्दी म्हणजे हबशी, मुळचे आफ्रिकेतले. आणि तो वेढा फोडायला नेताजी पालकरांबरोबर बाहेरून कोण चालून गेलं? सिद्दी हिलाल. त्याचा मुलगा सिद्दी वाहवाह त्या लढाईत जखमी होऊन शत्रूच्या हाती सापडला. म्हणजे आफ्रिकी वंशाची माणसं वेढ्याच्या दोन्ही बाजूंना होती. आम्हाला ज्या मालिका आठवतात, त्यांत सिद्दी जौहर हटकून दिसतो, डोळे वटारून, काजळ फासून. हिलाल आणि त्याचं पोर कुठे दिसलं का, ते तुम्हीच आठवून पाहा.

थोडं मागे जा. मलिक अंबर. आफ्रिकेतल्या हबशाणात जन्मला, गुलाम म्हणून विकला गेला, हात बदलत दख्खनमध्ये आला आणि निजामशाहीचा कर्ताधर्ता झाला. खडकी, म्हणजे पुढचं औरंगाबाद, त्यानं वसवली. जमीनमहसुलाची घडी बसवली. 1624 च्या भातवडीच्या लढाईत शहाजीराजे त्याच्या बाजूनं लढले, त्यांचे बंधू शरीफजी तिथे कामी आले. गनिमी काव्याची चर्चा मलिक अंबरचं नाव घेतल्याशिवाय पुरी होत नाही. आणि गंमत म्हणजे या माणसाचा चेहरा आपल्याला माहीत आहे, कारण त्याच्या हयातीतली चित्रं शिल्लक आहेत. या माणसाची सगळी कहाणी त्याच्या मुळावर उभी आहे. त्याचं काम गोऱ्यापान नटाला काळा रंग लावून उरकणं म्हणजे चित्रातल्या घोड्याला शिंगं काढणं. बरं, नट मिळत नाहीत म्हणावं, तर कर्नाटकात यल्लापूर-हल्याळच्या रानात सिद्दी समाज आजही राहतो. कोकणी बोलतो, त्यांच्यातले काही मराठीही बोलतात. चाचणीला बोलवायला मुंबईहून एक रात्रीचा प्रवास आहे.

आता कळलं का वाद उलटा का म्हणालो? लंडनच्या दरबारात कृष्णवर्णीय राणी बसवायला कल्पना लढवावी लागते. दख्खनच्या दरबारात हबशी सरदार बसवायला कागदपत्र वाचावी लागतात. तिकडे वैविध्य हा इतिहासाला दिलेला छेद आहे, आपल्याकडे वैविध्य हाच इतिहास आहे. 'इतिहास जसा होता तसा दाखवा' अशी मागणी करणाऱ्यांची मागणी खरोखर मान्य झाली, तर पडद्यावर जो दरबार दिसेल तो पाहून पहिले तेच दचकतील.

आपल्या गावाचंच पाहा ना. हे अचलपूर, तेव्हाचं एलिचपूर, इमादशाहीची राजधानी. त्या घराण्याचा संस्थापक फतहुल्ला इमादुल्मुल्क हा, फिरिश्ताच्या म्हणण्याप्रमाणे, विजयनगरच्या मुलखातला कानडी ब्राह्मणाचा मुलगा. लढाईत पकडला गेला, मुसलमान झाला, वऱ्हाडचा सुभेदार झाला आणि पुढे सुलतान. गाविलगडाच्या दिल्ली दरवाजावर वर जाऊन पाहा : दोन तोंडांचा गंडभेरुंड कोरलेला आहे, विजयनगरकडचं चिन्ह. आता या सुलतानाचं काम करायला कसला चेहरा शोधाल? सुरमा घातलेला, तंगडी तोडणारा, हिंदी सिनेमातलं उर्दू बोलणारा? मुसलमान राज्यकर्ता दाखवायचा तर आपल्या मालिकांकडे हा एकच साचा आहे. आदिलशाहीत हिशेब मराठीत ठेवले जात, फर्मानं फारसी-मराठी जोडीनं निघत. दख्खनी सरदारांची जीभ दख्खनी होती. आणि महाराजांच्या वेळची दरबारी मराठी इतकी फारसीनं भरलेली होती की पर्यायी शब्दांसाठी राज्यव्यवहारकोश करवून घ्यावा लागला. मालिकेत मात्र एकीकडे शुद्ध संस्कृतप्रचुर मराठी, दुसरीकडे शुद्ध लखनवी. दोन्ही बाजू तेव्हा एकमेकांना दुभाष्याशिवाय समजत होत्या, ही साधी गोष्ट त्या भाषेनं पुसून टाकली. अचलपूरच्या कोणत्याही मोहल्ल्यातलं मुसलमान पोट्टं घरी वऱ्हाडी वळणाचं बोलतं, आणि रात्री टीव्हीवर स्वतःच्या पूर्वजांना परक्या भाषेत गुरगुरताना पाहतं. त्याच्या शेजारचं हिंदू पोट्टंही तेच पाहतं. नुकसान दोघांचंही आहे.

नट आणि भूमिका यांतलं अंतर आपण विसरत चाललो, हेही या साच्याचंच दुसरं टोक. अमोल कोल्ह्यांनी शिवाजी महाराज आणि संभाजी महाराज साकारले, लोकांनी डोक्यावर घेतलं. 2022 मध्ये त्यांनी केलेली नथुरामची भूमिका समोर आली तेव्हा गदारोळ झाला. ते खासदार होते, म्हणून राजकीय प्रश्न विचारणं रास्तच. पण 'ज्या देहानं महाराज केले त्या देहानं हे कसं केलं' हा जो सूर होता, तो ऐकून शंकुकानं कपाळाला हात लावला असता.

'ब्रिजर्टन'कडे पुन्हा एकदा वळतो, कारण तिच्यावरही आमची तक्रार आहे. ती रंगाची नाही. 1807 साली इंग्रजांनी गुलामांचा व्यापार बंद केला, गुलामगिरी मोडण्याचा कायदा व्हायला 1833 उजाडलं. मालिकेतलं 1813 या दोहोंच्या मधलं. त्या हवेल्यांतला बराच पैसा वेस्ट इंडीजच्या साखरेच्या मळ्यांतून येत होता. मालिकेनं काळा ड्यूक आणला आणि मळा झाकला. 2022 च्या दुसऱ्या भागात तर मुंबईहून शर्मा भगिनी आल्या. आडनाव शर्मा, वडिलांना 'अप्पा', थोरलीला 'दीदी', धाकटीला बंगाली 'बोन'! एकाच घरात चार प्रांत. चेहरे आले, जग आलं नाही.

आणि त्या लंडनचा आपला संबंध दूरचा नाही. ज्या वेलिंग्टनच्या विजयांवर ते लंडन तेव्हा नाचत होतं, तो आर्थर वेलस्ली दहाच वर्षं आधी आपल्या अंगणात होता. 29 नोव्हेंबर 1803 ला अडगाव, 15 डिसेंबरला गाविलगड, 17 ला देवगावचा तह. अडगावच्या जखमींसाठी त्यानं याच एलिचपुरात इस्पितळ उभं केलं होतं. बर्नार्ड कॉर्नवेल या इंग्रज कादंबरीकारानं गाविलगडच्या वेढ्यावर 1999 साली 'शार्प्स फोर्ट्रेस' लिहिली. त्याचा नायक शार्प काळ्या केसांचा लंडनकर, टीव्हीवर तो झाला शॉन बीन, भुऱ्या केसांचा, यॉर्कशरच्या हेलाचा. प्रेक्षकांनी तो असा स्वीकारला की आज शार्प म्हटलं की तोच डोळ्यांपुढे येतो. केसांवर गोष्ट उभी नव्हती. पण 2006 मध्ये शार्प टीव्हीवर हिंदुस्थानात आला तेव्हा चित्रण झालं राजस्थानात, किल्ल्याचं नावही काल्पनिक. गाविलगड राहिला पुस्तकात.

आम्ही इथेच थांबणार होतो, पण एक चिठ्ठी आली आहे : "सर, उद्या गाविलगडावर मराठी मालिका काढली तर पात्रं कशी निवडाल?"

किल्लेदार बेनीसिंह राजपूत, धनी नागपूरचे रघुजी भोसले. त्याला नट कुठलाही घ्या, फक्त घरची बोली आणि दरबारची मराठी दोन्ही त्याच्या तोंडी द्या. वेलस्लीही कोणीही करो. आम्ही खरी मेहनत घेऊ ती गर्दीवर. भोसल्यांच्या फौजेत अरब होते. इंग्रजांकडे स्कॉटिश पलटणी, मद्रासकडचे तेलुगू-तमिळ शिपाई, म्हैसूरचे घोडेस्वार. जड तोफा स्वतः वाट काढत, डोंगरातून जवळजवळ तीस मैल ओढून उत्तरेच्या अंगाला नेल्या. ते ओढणारे शे-दोनशे लोक पडद्यावर दिसले पाहिजेत, आणि दमून ते एकमेकांशी बोलतील तेव्हा पाच भाषा ऐकू आल्या पाहिजेत. निर्माता म्हणेल, खर्च वाढतो. पगडी नि दागिन्यांवरचा थोडा कमी करा म्हणावं.